अनवाणी पायांवर फोडलेलं खापर

दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला, की एक गृहस्थ हमखास भेटतो. अंगात अर्जेंटिनाचा टी-शर्ट, हातात बटाटावडा आणि ऑफसाइड म्हणजे काय यावर स्वतंत्र मत. मध्यंतर झालं की आवाज जरा खाली आणून तो म्हणतो, ‘‘आपणही खेळणार होतो बरं का! पन्नास साली. पण आपली पोरं अनवाणी खेळायची ना! फिफानं सांगितलं, बूट घाला नाहीतर येऊ नका. आपण म्हटलं, जा, नाही येत.’’ मग उरलेला वडा तोंडात. चेहऱ्यावर भाव असा, की त्या संघात याचे आजोबाच लेफ्ट आउट होते.

कथा फर्मास आहे, वादच नाही. तिच्यात गरिबी आहे, बाणेदारपणा आहे, गोऱ्यांचा अन्याय आहे. खरेपणा तेवढा घालायचा राहून गेलाय.

घडलं ते असं. १९५० च्या ब्राझील विश्वचषकासाठी आपल्या पात्रता गटातल्या इतरांनी माघार घेतली आणि चेंडूला पायही न लावता आपण पात्र ठरलो. (आपल्या फुटबॉलमधलं हे सर्वांत निर्दोष यश.) स्वीडन, इटली, पॅराग्वे असा गटही पडला. प्रवासखर्चाचा भार उचलायला यजमान तयार. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघ या महन्मंगल संस्थेनं कळवलं, जमणार नाही. दिलेली कारणं दोन : संघनिवडीवर मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ. बुटांचा ‘ब’ही नाही. जे त्या संघाचे कर्णधार झाले असते त्या शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगून टाकलं, की बुटांची गोष्ट ही निव्वळ सबब होती. महासंघाच्या लेखी ऑलिंपिक म्हणजे काशी-रामेश्वर आणि विश्वचषक म्हणजे परगावची कुठलीशी जत्रा. कोण जातो एवढ्या लांब?

जरा साल लावून बघा. १९४८ साली लंडनला तालिमेरेन आओ यांचा संघ फ्रान्सशी खेळला. बहुतेकांचे पाय उघडे. दोन पेनल्टी वाया घालवून आपण २-१ असे हरलो, पण इज्जत मिळवून आलो. कुणी कुणाच्या पायांकडे बोट दाखवलं नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या गारठ्यात पुन्हा बरेचसे अनवाणी, आणि युगोस्लाव्हियाकडून १०-१. त्यानंतर बूट सक्तीचे केले कुणी? आपल्याच महासंघानं! म्हणजे अट्ठेचाळीसला चाललेले आणि बावन्नला चाललेले पाय नेमके पन्नासलाच जगाच्या डोळ्यांत खुपले, असं आपण मानायचं.

आता कथा खोटी आहे म्हणून मला राग येतो असं समजू नका. खोट्या कथांवर आपलं छान चाललंय. ती कुणाच्या सोयीची आहे, हे बघा. बैठकीत बसलेल्यांनी घोळ घातला, आणि पंचाहत्तर वर्षं खापर फुटतंय मैदानात धावणाऱ्यांच्या पायांवर. या संघाचा इतिहास लिहायचा तर पायांआधी खुर्च्यांचा लिहावा लागेल.

‘अहो पण आपलं सुवर्णयुग?’ होतं की. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत मेवालालच्या एका गोलानं इराणला हरवून सुवर्ण. १९५६ साली मेलबर्नला ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. आता या चौथ्या क्रमांकाची मीमांसा कराल तर जरा घसा खाकराल : हंगेरी न आल्यामुळे पहिली फेरी फुकटात, मग ऑस्ट्रेलियावर एक विजय, मग दोन पराभव. एक सामना जिंकून जगात चौथे! पण तो एक सामना काय होता विचारा. मुंबईत टाटांकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझानं यजमानांना तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. टी-शर्टवाल्या गृहस्थाला नेव्हिल डिसोझा कोण विचारा. तो म्हणेल, क्रूझवर गिटार वाजवायचा का?

आणि सय्यद अब्दुल रहीम. पेशानं मास्तर, वृत्तीनं चाणक्य. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं आपल्या मुंबईत येऊन १९५० ते ५४ अशी पाच वर्षं ओळीनं रोव्हर्स कप उचलून नेला. कूपरेजच्या गॅलरीतल्या मंडळींना ते तोंडपाठ असायचं. याच रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्तात दुसरं आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. स्वतःला कॅन्सर. साखळीत दक्षिण कोरियाकडून दोन गोलांनी मार खाल्लेला. बचावफळीतल्या जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके. रहीमनी काय करावं? त्यालाच सेंटर फॉरवर्डला उभं केलं! अंतिम सामन्यात पी. के. बॅनर्जीनं एक आणि टाकेवाल्या जर्नेलनं एक असे दोन गोल केले आणि त्याच कोरियाला २-१ असं घरी पाठवलं.

प्रेक्षागार मात्र आपल्याविरुद्ध बोंबलत होतं. का? इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला प्रवेश नाकारला, त्यावर आपले एक बडे क्रीडाधुरीण सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. आक्षेप रास्तच होता. पण बोलले कोण आणि शिव्या खाल्ल्या कुणी? पुन्हा तेच. तोंड पदाधिकाऱ्याचं, कान खेळाडूंचे.

१९६३ च्या जूनमध्ये रहीम गेले. त्यांच्या वह्या-टिपणं गोळा करून, चार माणसं तयार करून ते शास्त्र पुढे न्यावं, असं एखाद्या बऱ्या संस्थेला सुचलं असतं. आपल्याकडे शोकसभेचं सुचतं. १९६४ च्या आशिया कपात आपण उपविजेते, हे आपण छाती काढून सांगतो आणि संघ एकूण चारच होते हे खोकल्यात दाबून टाकतो. १९७० साली बँकॉकला कांस्य, आणि दिवे गेले. साठच्या दशकातही आपले देशांतर्गत सामने सत्तर मिनिटांचे असत, जग नव्वद मिनिटं खेळत होतं. उरलेली वीस मिनिटं आपण बहुधा चहाला दिली होती. विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा पहिला सामना आपण प्रत्यक्ष खेळलो १९८५ साली. ‘नाही येत’ म्हटल्यानंतर पस्तीस वर्षांनी! इतका लांबलेला रुसवा मी लग्नघरातही पाहिलेला नाही.

मग आला अध्यक्षांचा काळ. १९८८ ते २००८ प्रियरंजन दासमुन्शी. त्यांच्यानंतर २०२२ पर्यंत आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. चौतीस वर्षांत अध्यक्ष दोन, आणि दोघेही केंद्रात मंत्री राहिलेले. या अवधीत प्रशिक्षक किती आले-गेले ते मोजायला तलाठी बसवावा लागेल. प्रशिक्षक हरला की जातो. अध्यक्ष हरतच नाही, कारण तो खेळतच नाही. १९९६ साली फिफाच्या क्रमवारीत आपण ९४ वे होतो, २०१५ साली १७३ वे. खुर्ची जागच्या जागी. पटेलांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. घटनेचा वाद कोर्टात, निवडणूक लांबणीवर, साहेब स्थानापन्न. अखेर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारभार काढून घेऊन प्रशासक समितीकडे दिला. त्यावर स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सवी दिन उलटतो न उलटतो तोच फिफानं आपल्याला निलंबित केलं : बाहेरचा हस्तक्षेप! बंदी अकरा-बारा दिवसांत उठली. तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्या न खेळता परत आल्या. बघा, खापराला पाय बरोबर सापडतात.

मग निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भुतिया, देशाचा माजी कर्णधार. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे, माजी गोलरक्षक आणि भाजपचे नेते. निकाल ३३-१. हेलसिंकीतसुद्धा आपण इतके सपाटून हरलो नव्हतो. ते एक मत कुणाचं होतं देव जाणे. त्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा.

ज्योतिषाची गोष्ट सांगू की तुम्हीच सांगता? २०२२ साली आशिया कपच्या पात्रता फेरीआधी महासंघानं सुमारे सोळा लाख रुपये देऊन एक ‘प्रेरक’ नेमला. तो निघाला ज्योतिषी. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात आलं, की तेव्हाचे क्रोएशियन प्रशिक्षक खेळाडूंची यादी त्याच्याकडे धाडत आणि कुणाचे ग्रह कसे आहेत ते विचारत. युरोपातून अत्याधुनिक तंत्रज्ञान आणायला गेलो आणि साहेब इथे येऊन पंचांग बघायला लागला! गंमत म्हणजे तेव्हाचे तिन्ही सामने आपण जिंकलो. पुढे २०२४ च्या जानेवारीत प्रत्यक्ष आशिया कपात तिन्ही हरलो, एकही गोल न करता. शास्त्रीय निष्कर्ष एकच निघतो, की ज्योतिषाला कायम करायला हवं होतं.

प्रेक्षकांनाही सोडायचं कारण नाही. जून २०१८ मध्ये आपला संघ मुंबईत, अंधेरीला, चिनी तैपेईशी खेळला आणि ५-० जिंकला. प्रेक्षक २,५६९. कर्णधार सुनील छेत्रीनं हात जोडून व्हिडिओ टाकला : शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. तेव्हा कुठे पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. वर्षभर आधी आमच्याच राज्य सरकारनं सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या निमित्तानं एका दिवसात दहा लाख पोरांना फुटबॉल खेळवण्याचा महाउत्सव केला होता. एक दिवस! दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला पुन्हा गणित.

२०२५ हे वर्ष तर मखरात बसवण्यासारखं. मार्चमध्ये निवृत्त छेत्रीला चाळिशीत परत बोलावलं, कारण गोल करणारा दुसरा कुणी सापडेना. जुलैमध्ये प्रशिक्षकपदासाठी अर्ज मागवले, तर आलेल्या अर्जांत बार्सिलोनाच्या झावीचं नाव. झावी परवडणार नाही म्हणून तो विचार सोडून दिल्याच्या गंभीर बातम्याही छापून आल्या. मग कळलं, ई-मेल बनावट. महासंघानंच सांगितलं, की पेप गार्डिओलाच्या नावानंही एक आला होता. त्याच महिन्यात मुलींच्या संघानं थायलंडला त्यांच्याच घरात २-१ नमवून आशिया कप गाठला, आणि तोही कुणी न नवाजता. पुरुषांनी ऑक्टोबरात फातोर्ड्याला छांगतेच्या गोलानं आघाडी घेतली, ती सिंगापूरला परत केली आणि २-१ हरून आशिया कपाची वाट बंद करून घेतली. देशाची लीग चालवायला काढलेल्या निविदेची मुदत नोव्हेंबरात संपली, तर एकही बोली आली नाही.

पण चिंता नको. महासंघाचा ‘व्हिजन २०४७’ नावाचा आराखडा तयार आहे. त्यानुसार स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंत आपण आशियातल्या पहिल्या चारांत असू. १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्ण खिशात घालून आलेल्यांनी पंचाऐंशी वर्षांनी पहिल्या चारांत यायचं, असा हा प्रगतीचा वेग. तोपर्यंत छेत्री जेमतेम त्रेसष्ट वर्षांचा असेल. लागला तर बोलावता येईल.