शाहिराची लेखणी

पुणे-सोलापूर मार्गावरील इंदापूरचे नाव मराठी कामगार चळवळीच्या इतिहासात एका दुःखद कारणाने नोंदले गेले आहे. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ झालेल्या अपघातात शाहीर अमर शेख यांचा अंत झाला. वयाची त्रेपन्न वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात विराट सभा हलविणारा त्यांचा पहाडी आवाज आजही आठवला जातो; परंतु ते कवी होते आणि संपादकही होते, याचे स्मरण क्वचितच होते.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीच्या एका गरीब कुटुंबात जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल यांना लोकगीतांचा वारसा आई मुनेरबी यांच्याकडून लाभला. बसवर क्लीनर, पुढे गिरणी कामगार, संपात पुढाकार आणि त्यापायी विसापूरचा तुरुंग, हेच त्यांचे विद्यापीठ. अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक गाजविले. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे काव्यसंग्रह लिहिले. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिके चालविली.

गळ्यात एवढे सामर्थ्य असलेल्या शाहिराला छापील कागदाची गरज का भासावी? गाणे सभा पेटविते. पण सभा पांगल्यावर मजुरीचा दर, कपातीचा हिशेब आणि कायद्याचे कलम समजावून सांगण्यास पत्रच लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे फार आधी ओळखले होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधू’ सांभाळला, १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी पदरात पडली. त्या यशात सभेइतकाच पत्राचाही वाटा होता.

कामगारांच्या पत्राचे अर्थशास्त्र मात्र मुळातच दुबळे असते. जाहिरात देणारा मालकवर्ग त्याकडे फिरकत नाही आणि वर्गणी अपुऱ्या मजुरीतून यावी लागते. संप सुरू झाला की पत्राची गरज वाढते आणि नेमके तेव्हाच वाचकाचा खिसा रिकामा असतो. अशी पत्रे अल्पायुषी ठरतात ती संपादकाच्या नाकर्तेपणामुळे नव्हे.

बारामती-इंदापूर परिसराला हा विषय परका नाही. नीरेच्या कालव्यांनी येथे ऊस आणला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. वालचंदनगर ही तर उद्योगनगरीच. कारखान्याच्या सभासदाला वार्षिक अहवाल मिळतो, ताळेबंदावर प्रश्न विचारता येतो. उचल घेऊन परजिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड मजुराचा हिशेब मात्र मुकादमाच्या वहीत राहतो. त्या वहीला उत्तर देणारा कागद कोणी छापावयाचा?

ज्या भूमीवर अमर शेख यांचा शेवटचा प्रवास थांबला, तेथील महाविद्यालयांनी दोन कामे अंगावर घ्यावीत. ‘युगदीप’सारख्या नियतकालिकांचे विखुरलेले अंक मिळतील तेथून जमवावेत, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दर गळीत हंगामात फडावर जाऊन मजुरांचे हिशेब त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावेत व प्रसिद्ध करावेत. यास मोठे भांडवल लागत नाही. हार-तुऱ्यांचा कार्यक्रम एका दिवसात संपतो; लिहून ठेवलेला हिशेब पुढील हंगामातही मजुराच्या उपयोगी पडतो.