साहेबांना जोहार, पण जबरानजोतीचा हिशेब बाकी आहे



२५ नोव्हेंबर १९८४ ला यशवंतराव चव्हाण दिल्लीत वारले. ब्रह्मपुरीपासून मुंबईपर्यंत शोकसभा झाल्या. माणूस मोठा होता, आमचाही जोहार. पण निवडणूक आली की मतं मागणारे येतात. हार घातलेला फोटो घेऊन जीपगाड्या आता जंगलातल्या गावापर्यंत येतील आणि साहेबांचं अपुरं काम पुरं करू म्हणून मत मागतील. ते येण्याआधी आपण हिशेब मांडून ठेवू. कोणतं काम पुरं झालं, कोणतं अपुरं राहिलं, आणि कोणाचं?

आधी जमेची बाजू. १९१३ साली सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावात शेतकऱ्याच्या घरी जन्म. बाप लहानपणीच गेला, आईनं कष्टानं वाढवलं. १९३२ ला जेल, १९४२ ला भूमिगत. त्याच साली आपल्या शेजारच्या चिमूरलाही लोक गोऱ्या सरकारवर उठले होते. पुढं १९५६ ला ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. चीनच्या लढाईत नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. मग गृह, अर्थ, परराष्ट्र, आणि १९७९ ला उपपंतप्रधान.

त्यांच्या राज्यात १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला. विदर्भासाठी कुळकायदा आला, त्यानं १ एप्रिल १९६१ पासून कुळाला मालक केलं. सीलिंगचा कायदा झाला. १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. यातून अनेक गरीब कुळांचं भलं झालं. हे नाकारणारा खोटा बोलतो.

आता दुसरी बाजू. 'कसेल त्याची जमीन' हे वाक्य तेव्हा भिंतीभिंतीवर होतं. पण कायद्यात कुळ म्हणजे कोण? मालकाची जमीन कसणारा. मालक पाटील असेल, सावकार असेल, तर कायदा लागू. आणि मालक सरकारच असेल तर? तर कसणारा कुळ नाही, तो अतिक्रमण करणारा. त्याच्या जमिनीचं नाव जबरानजोत. दोघांचा नांगर एकच, दोघांचा घाम एकच, धानाची बांधीही सारखीच. धुऱ्याच्या अलीकडचा माणूस मालक झाला, पलीकडचा चोर ठरला. नाकेदार येतो, बैल हाकून नेतो, दंडाची पावती फाडतो.

हे जंगल सरकारचं झालं कधी? १९५१ ला मालगुजारी गेली, तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. मालगुजार गेला म्हणून आपले बाप-आजे खूश झाले. पण मालगुजाराचं जंगल, तलाव, पडीत गावाला भेटलं नाही, सारं सरकारजमा झालं. मालक हटला नाही, मालक बदलला. नव्या मालकाकडं बंदूक आहे, कोर्ट आहे, आणि १९२७ चा इंग्रजाचा जंगल कायदा आहे.

याच जंगल कायद्याच्या विरोधात १९३० ला काँग्रेसनं सत्याग्रह केला होता. आपल्या विदर्भात पुसदला बापूजी अण्यांनी गवत कापलं. यशवंतरावांच्या सातारा जिल्ह्यात बिळाशीला लोक उठले. म्हणजे साहेबांना हा कायदा माहीत नव्हता असं कोणी म्हणू नये. १९५२ ला मुंबई राज्यात ते स्वतः मंत्री झाले, तेव्हा त्यांच्याकडं वनखातंही होतं. १९५६ ला चांदा जिल्हा त्यांच्या राज्यात आला. त्यांनी खूप कायदे बदलले, पण जंगलाच्या इंग्रजी कायद्याचा पाया तसाच ठेवला. इंग्रजाच्या राज्यात गवत कापणारा देशभक्त होता. स्वराज्यात तेच गवत कापणारा गुन्हेगार कसा झाला?

सत्ता गावात नेली असं साहेबांबद्दल सांगतात. ग्रामपंचायतीला दिवाबत्तीचा अधिकार भेटला. पण गावाला लागून असलेल्या जंगलात कोणतं झाड तुटावं, हे ठरवायचा अधिकार भेटला नाही. पश्चिमेकडं साखर कारखान्याचा शेअर ऊस लावणाऱ्याच्या नावावर झाला. आपल्याकडचा बांबू बल्लारपूरच्या पेपर मिलला जातो. तो तोडणाऱ्याच्या नावावर किती शेअर? तो रोजीचा मजूर, रोजी संपली की घरी.

कोणी म्हणेल, साहेब १९६२ ला दिल्लीला गेले, पुढचा दोष त्यांच्यावर कायले? बरं. त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झाले मारोतराव कन्नमवार, आपल्याच मूल भागातले. वर्षभरात ते वारले. मग १९६३ ते १९७५ वसंतराव नाईक, त्या पुसद भागातले जिथं गवत कापलं गेलं होतं. दोघंही विदर्भाचे. तरी जबरानजोत जबरानजोतच राहिली. म्हणून 'आपल्या भागाचा माणूस द्या' या बोलण्याला भुलू नका. माणूस कोणत्या गावचा हे नंतर विचारा. कायदा कोणाच्या बाजूचा, हे आधी विचारा.

डिसेंबर १९७८ मध्ये शरद पवारांच्या सरकारनं ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचं ठरवलं. ते काही दयेतून आलं नाही, ठिकठिकाणच्या भूमिहीनांनी रेटा लावला म्हणून आलं. पण अंमल होण्याआधीच १९८० ला दिल्लीनं कायदा केला. आता वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर राज्याला केंद्राची मंजुरी लागते. झालं! तहसीलदार वनखात्याकडं बोट दाखवतो, वनखातं मुंबईकडं, मुंबई दिल्लीकडं. त्या वर्षांत आपले मोठे नेते काय करत होते? काँग्रेस फुटत होती, जुळत होती. यशवंतराव इंदिराबाईंपासून वेगळे झाले आणि पुढं परत त्यांच्याच पक्षात गेले. पुढाऱ्यांनी घरं बदलली, आपली फाईल जागची हलली नाही.

यशवंतरावांनी आपल्या आयुष्याची गोष्ट 'कृष्णाकाठ' म्हणून लिहिली. ती १९४६ पाशी थांबते, म्हणजे खुर्ची भेटते तिथंच. पुढची गोष्ट वैनगंगेच्या काठावरून आपल्यालाच सांगावी लागेल.

म्हणून गाववाल्यांनो, प्रत्येक गावानं निवडणुकीआधी सभा घ्या. बायांनाही बसवा, जमीन त्याही कसतात. कोण किती सालापासून कोणती जमीन वाहतो, त्याची यादी करा. दंडाच्या पावत्या फाडू नका, फेकू नका. ती पावती सरकारनंच दिलेला पुरावा आहे की त्या साली तुम्ही त्या जमिनीवर होता. कोऱ्या कागदावर अंगठा लावू नका. आणि जीप आली की उमेदवाराला खाली उतरवून एकच विचारा: १९७८ पर्यंतच्या जबरानजोतीचे पट्टे देणार का, आणि दिल्लीची मंजुरी आणणार का? उत्तर सगळ्यांच्या समोर घ्या.

फोटोला हार घालायला आपली ना नाही. पण कसेल त्याची जमीन हे खरं असेल, तर ते जंगलाच्या हद्दीपाशी खोटं होऊ शकत नाही.