वाद कोण जिंकला? त्याआधी प्रश्न कोणता होता ते पाहू या

२० डिसेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीच्या कॉन्स्टिट्यूशन क्लबमध्ये शायर-गीतकार जावेद अख्तर आणि तरुण आलिम मुफ्ती शमाइल नदवी समोरासमोर बसले. विषय होता, ईश्वर आहे का? सूत्रसंचालन पत्रकार सौरभ द्विवेदी यांनी केले. सुमारे दोन तासांची ही चर्चा लाखो लोकांनी पाहिली आणि मुस्लिम घरांत तर ती जेवणाच्या दस्तरखानापर्यंत पोहोचली.

पण बहुतेकांपर्यंत ती अखंड पोहोचली नाही, तुकड्यांत पोहोचली. एका तुकड्यावर लिहिलेले, ‘मुफ्ती साहेबांनी बोलती बंद केली’. दुसऱ्यावर, ‘जावेद साहेबांनी निरुत्तर केले’. कुस्तीच्या फडासारखा निकाल लावून लोक मोकळे झाले. आम्ही शिक्षक मंडळी उत्तरपत्रिका तपासताना आधी प्रश्न वाचतो, मग उत्तर. तीच सवय इथेही लावून पाहू या.

कोलकाता ते दिल्ली

या चर्चेची सुरुवात कोलकात्यात झाली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस पश्चिम बंगाल उर्दू अकादमीचा ‘हिंदी सिनेमातील उर्दू’ या विषयावर कार्यक्रम ठरला होता आणि जावेद साहेबांना निमंत्रण होते. काही दीनी संघटनांनी आक्षेप घेतला. त्यात मुफ्ती साहेबांची संस्थाही होती. अकादमीने कार्यक्रम पुढे ढकलला. उर्दूच्या व्यासपीठावर ईमानाची परीक्षा घ्यायची का, हा प्रश्न त्या वेळी अनेकांच्या मनात आला. आमच्याही आला. ज्या भाषेत मीर, गालिब आणि फिराक गोरखपुरी यांनी लिहिले ती कुणा एका अकीद्याची मालमत्ता नाही.

म्हणून दिल्लीत जे झाले ते चांगलेच झाले. ज्याला बोलू न देण्याची मागणी झाली होती, त्याच्यासमोर बसून बोलणे झाले. कुणी आवाज चढवला नाही, कुणी उठून गेले नाही. आज टीव्हीवर धर्माच्या नावाने रोज संध्याकाळी जो गोंधळ चालतो, त्याच्या तुलनेत ही मोठीच गोष्ट म्हणायची.

पहिला प्रश्न पुराव्याचा

मुफ्ती साहेबांनी मांडलेली मुख्य दलील नवी नाही. वर्गातला बाक घ्या. तो सुतारावर आणि लाकडावर अवलंबून. लाकूड झाडावर, झाड माती-पाण्यावर, पाणी ढगांवर. प्रत्येक वस्तू आपल्या अस्तित्वासाठी दुसऱ्या कशावर तरी टेकलेली. मग ही सगळी साखळी कशावर टेकली आहे? कुठेतरी असे काही असले पाहिजे, जे कशावरच अवलंबून नाही. इब्न सीनाने (निधन १०३७) त्याला ‘वाजिबुल वुजूद’ म्हटले, म्हणजे जे असणे अपरिहार्य आहे ते. आपल्या मदरशांत हा विचार पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. १९४८ साली बीबीसी रेडिओवर फादर कोपलस्टन आणि बर्ट्रांड रसेल यांच्यात वाद झाला, त्यातही ही दलील होती. रसेल यांचे उत्तर साधे होते. विश्व आहे, बस, एवढेच. साखळीतल्या प्रत्येक कडीला कारण आहे म्हणून साखळीलाही असलेच पाहिजे असे नाही.

हजार वर्षे मोठमोठ्या डोक्यांनी ज्यावर घासाघीस केली, तो वाद दिल्लीत दोन तासांत निकाली निघाला, असे म्हणणारा या बाजूचा असो की त्या बाजूचा, त्याने विषय समजून घेतलेला नाही. या दलिलीची मर्यादाही मुलांना सांगितली पाहिजे. ती आपल्याला एका स्वयंभू अस्तित्वापर्यंत नेते. दुआ ऐकणारा, वही पाठवणारा, हिशेब घेणारा अल्लाह इथपर्यंतचा रस्ता त्यापुढे आणखी शिल्लक असतो.

जावेद साहेबांचा मुद्दाही झटकून टाकण्यासारखा नाही. पुराव्यावर टेकलेला विश्वास वेगळा आणि ‘विचारू नकोस, मान’ असे सांगणारी श्रद्धा वेगळी, असा फरक ते करतात. दुसऱ्या प्रकारची श्रद्धा समाजाचे नुकसान करते हे आपण रोज पाहतो. मात्र पुरावा म्हणजे फक्त प्रयोगशाळा असे मानले तर गणिताच्या शिक्षकाची पंचाईत होईल. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे आपण हजार त्रिकोण कोनमापकाने मोजून सिद्ध करत नाही. तर्काने करतो. इतिहास साक्षीने कळतो, आजार तपासणीने कळतो. प्रश्न जसा, तसा पुरावा.

इथे आपल्या लोकांनाही एक अर्ज आहे. विज्ञानाचा नवा शोध लागला की ‘हे तर कुरआनात आधीच होते’ असे संदेश पाठवणे थांबवा. उद्या तो सिद्धांत बदलला, आणि विज्ञानात सिद्धांत बदलतातच, तर त्या मुलाचा ईमान कुठे टेकवणार?

जाता जाता एक गंमत. जावेद अख्तर यांचे पूर्वज मौलाना फज्ले हक खैराबादी हे मंतिक, म्हणजे तर्कशास्त्राचे, नामांकित उस्ताद होते. १८५७ च्या उठावाबद्दल इंग्रजांनी त्यांना काळ्या पाण्यावर पाठवले आणि १८६१ साली अंदमानातच त्यांचे निधन झाले. तर्क हा नास्तिकांचा शोध नाही आणि मदरशांना परकाही नाही.

दुसरा प्रश्न दुःखाचा

चर्चेत सर्वांत जड क्षण आला तो गाझाचा. ईश्वर सर्वशक्तिमान आहे, सगळे पाहतो, तर त्या मुलांच्या चिंध्या होताना तो काय करत होता, असा जावेद साहेबांचा सवाल. मुफ्ती साहेबांनी उत्तर दिले की माणसाला निवडीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याचा गैरवापर करणारा जबाबदार आहे.

हे उत्तर बॉम्ब टाकणाऱ्याला लागू पडते. भूकंपात दबलेल्या बाळाला किंवा कॅन्सर वॉर्डातल्या पाच वर्षांच्या मुलीला ते पुरे पडत नाही. तिथे मुसलमान सब्र आणि आखिरतचा आधार घेतो. तो ईमानाचा आधार आहे, फळ्यावर सोडवून दाखवायचे गणित नाही. हे कबूल करण्यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

उलट बाजूनेही प्रश्न उरतोच. निसर्गात न्याय नाही, न्याय ही माणसाने केलेली गोष्ट आहे, असे जावेद साहेब म्हणतात. हे प्रामाणिक बोलणे आहे. पण मग ज्याला माणसांनी न्याय दिला नाही आणि जो आता जिवंतही नाही, त्याचे काय? नास्तिकाकडे याचे उत्तर ‘काही नाही’ असेच आहे. दोन्हीकडे पाटी कोरी नाही आणि दोन्हीकडे उत्तर सोपेही नाही.

सीरतमधला एक प्रसंग इथे आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला. प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या जाण्याने सूर्यही काळवंडला. भक्तांना दिपवण्याची यापेक्षा मोठी संधी कोणती? पण प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले की सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्माने किंवा मृत्यूने ग्रहण लागत नाही. रडणे लपवले नाही, ईमान सोडला नाही आणि खोटा पुरावा आयता चालून आला तोही स्वीकारला नाही. श्रद्धा, दुःख आणि पुरावा यांच्याशी एकाच वेळी कसे वागायचे, याचा याहून मोठा धडा आम्हाला माहीत नाही.

तिसरा प्रश्न नैतिकतेचा

ईश्वर मानला नाही तर माणूस चांगला राहील कशाला? आपल्या बयानांत हा सवाल हमखास येतो. यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. चांगले-वाईट शेवटी कशावर टिकते, हा एक प्रश्न. नास्तिक माणूस चांगला वागू शकतो का, हा अगदी वेगळा. पहिल्यावर मुफ्ती साहेबांचा मुद्दा वजनदार आहे. नीती केवळ लोकांच्या संमतीने ठरत असेल, तर बहुमताने मान्य केलेला जुलूमही न्याय ठरेल. भारतात अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र सीरतनेच दिले आहे. मक्केतील काही सरदारांनी इस्लामपूर्व काळात ‘हिल्फुल फुजूल’ नावाचा करार केला होता. परका असो की आपला, ज्याच्यावर अन्याय होईल त्याच्या बाजूने उभे राहायचे. तरुणपणी प्रेषित (स.) त्यात सामील होते, आणि नुबुव्वतनंतरही आपण अशा कराराला पुन्हा होकार देऊ असे त्यांनी सांगितले. ताइफहून जखमी होऊन परतल्यावर त्यांना मक्केत संरक्षण दिले ते मुतइम बिन अदीने. त्याने इस्लाम स्वीकारला नव्हता. प्रेषितांनी (स.) त्याचे उपकार कायम स्मरणात ठेवले. आपल्या उपखंडातील हनफी ज्या मातुरीदी परंपरेचे आहेत, तीही मानते की माणसाची अक्कल बऱ्याच अंशी चांगले-वाईट ओळखू शकते. मग ‘नास्तिक म्हणजे चारित्र्यहीन’ हे आपण कुठून आणले?

महाराष्ट्रात आपल्यासमोर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे उदाहरण आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले, तो त्याच वर्षी आला. तो नमाज, पूजा किंवा प्रार्थना बंद करत नाही. तो भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला आणि दैवी शक्तीचा धाक दाखवून लुबाडणाऱ्याला पकडतो, मग तो बाबा भगव्यातला असो की हिरव्यातला. आपल्या मोहल्ल्यांत आमिल म्हणवून बायाबापड्यांचे दागिने काढून घेणारे कमी आहेत का? सिहर आणि फसवणूक इस्लाममध्ये हरामच आहे. ईश्वर मानणारा आणि न मानणारा इथे एकाच बाजूला उभे राहू शकतात, आणि राहिले पाहिजे.

आता आपल्या घरात

दिल्लीतला निकाल काहीही लागो, खरी कसोटी आपल्या घरात आहे. अकरावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी जेव्हा विचारते, ‘अब्बा, अल्लाहला कुणी बनवले?’ तेव्हा बहुतेक घरांत उत्तर येते, ‘तौबा कर!’ प्रश्न तिथे मरत नाही. तो उशीखाली फोनमध्ये जातो आणि तिथे त्याला जो पहिला भेटेल तो त्याचा उस्ताद होतो. कधी तो श्रद्धेची टर उडवणारा असतो, कधी शंका घेणाऱ्याला काफिर ठरवणारा. दोघांनाही मुलाची काळजी नसते.

हजरत इब्राहीम (अ.) यांनी मेलेल्यांना पुन्हा जिवंत कसे करतोस ते दाखव, अशी विनंती खुद्द अल्लाहकडे केली. ईमान होता, दिलाला इत्मिनान हवा होता. कुरआनने हा प्रश्न लपवला नाही, सूरह बकरामध्ये नोंदवून ठेवला. मग आपल्या मुलीने विचारले तर घराची इज्जत कशी जाते?

घरातल्या मोठ्यांनी एवढे तरी करावे. प्रश्न पूर्ण ऐकावा. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण विचारू’ असे म्हणावे. इमाम मालिक यांच्यासारखा थोर इमाम कित्येक प्रश्नांना ‘मला माहीत नाही’ म्हणत असे, आपली काय मिजास! मशिदीत महिन्यातून एक दिवस कॉलेजच्या मुलामुलींना मोकळेपणी विचारू द्यावे आणि उत्तर द्यायला असा आलिम बसवावा ज्याला विज्ञानाची पुस्तके वाचायची सवय आहे. ते उत्तर मराठीतही असावे, कारण आपल्या अनेक मुलांचे शिक्षण मराठीत झाले आहे आणि शंकाही त्यांना मराठीतच येतात.

आणि ज्याचे समाधान एवढ्यानेही होणार नाही, त्याचे काय? तो आपला मुलगाच राहतो, आपली मुलगीच राहते. दस्तरखानावर त्याची जागा ठेवा. दीनमध्ये जबरदस्ती नाही हे आपण इतरांना अभिमानाने सांगतो, ते आधी आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत लागू होते.