घराचा कौल

वाघबारशीला वाघदेवाची पूजा आटोपली, की सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील पाड्यांवर जी बोलणी सुरू होतात, त्यांत कोण जाणार यापेक्षा कोण राहणार हाच प्रश्न अधिक निकडीचा असतो. आषाढ-श्रावणात धो धो पाऊस पडूनही चैत्रात हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरायला लावणाऱ्या त्या मुलखात भात, नागली आणि वरई निघाली, की दुसऱ्या पिकाची आशा बहुधा नसतेच; आणि नेमक्या त्याच सुमारास दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीमागून डिपिंग, विरळणी आणि पुढे काढणी अशी कामे हातघाईवर येतात. सरकारी दफ्तरात या प्रवासाची नोंद झालीच, तर ती ‘हंगामी मजूर’ या दोन शब्दांत संपते. परंतु काम टोळीने घेतलेले, टोळी बहुधा भाऊबंदांची, आणि मुकादमाकडची उचल एकाच्या नावावर असली तरी ती फेडायची सगळ्या घराने, अशी रीत असल्यामुळे म्हातारीने नातवंडे सांभाळायचे कबूल केले तरच सून निर्धास्तपणे निघते. नाहीतर तान्हे मूल वेलींच्या मांडवाखाली झोळीत निजते आणि थोरली बहीण शाळा सोडून झोळीची दोरी ओढीत बसते.

परतीचा मुहूर्तही घरच काढते. मार्गशीर्षात घरी डोंगऱ्यादेवाचा नवस असला, तर माणूस रोज बुडवून डोंगर चढतो. बागायतदार कुरकुरतो, आणि अवकाळीच्या धास्तीने त्याचा जीवही टांगणीला लागलेला असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१ मे २०२० रोजी रात्री नाशिकरोडहून टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांना घेऊन भोपाळकडे खास गाडी सुटली, तेव्हा ही माणसे आता पुन्हा येत नाहीत, असे भाकीत पुष्कळांनी वर्तवले. काही महिन्यांतच सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तरेकडची बोली पूर्ववत ऐकू येऊ लागली. यात ज्यांना चंचलता दिसली, त्यांनी घराचा विचारच केला नव्हता. कारण आईच्या जिवाला घोर नको म्हणून जो मुलगा गेला, तोच बहिणीच्या लग्नाचे कर्ज डोईवर घेऊन परतला, आणि दोन्ही वेळी कौल एकाच उंबऱ्याच्या आतून मिळाला होता.

प्रस्तुत अंकासाठी लेखन मागवताना म्हणूनच आम्ही एक अट घातली: जाणाऱ्याची मुलाखत घेण्यापूर्वी लेखकाने मागे राहिलेल्या माणसाशी बोलावे. काहींना ती जाचक वाटली. त्यांचे लेख साभार परत केले आहेत.