साकवांचा धनी कोण?

मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला आणि चार जणांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक होता, नव्या पुलासाठी निधीही मंजूर होता. नव्हती ती मधल्या काळाची जबाबदारी घेणारी व्यवस्था. असे काही घडले की जुन्या दगडी पुलांचे गुणगान हमखास सुरू होते. ते भाबडेपणाचे आहे. महाडजवळचा सावित्रीवरील १९२८ सालचा पूल दगडीच होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो वाहून गेला. दगडही पडतो. पडल्यावर तो कोण उचलतो, हा खरा प्रश्न होय.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस एक्समूर नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे बार्ल नदीवर ‘टार स्टेप्स’ हा सतरा गाळ्यांचा पुरातन पादचारी पूल आहे. चुना नाही, सिमेंट नाही. दगडांच्या थरांवर नुसत्या आडव्या शिळा टाकलेल्या, त्यांतल्या कित्येक टनाहून जड. तो सैतानाने बांधला अशी तिकडची दंतकथा. आपल्याकडे हे श्रेय पांडवांना मिळाले असते! पूल बुटका असल्याने महापुराचे पाणी त्यावरून जाते आणि वाहून आलेले वृक्ष आदळले की शिळा उखडतात. २०१२ च्या डिसेंबरात हेच घडले. परंतु शिळांवर क्रमांक घातलेले होते. पूर ओसरल्यावर त्या नदीपात्रातून काढून आपापल्या जागी पुन्हा बसविण्यात आल्या. प्रवासी ज्याला प्राचीन वास्तू म्हणून न्याहाळतात, ते वस्तुतः वारंवार केलेल्या डागडुजीचे फळ आहे.

सह्याद्रीतील वाड्यावस्त्यांना ही रीत परकी नव्हती. लाकडी साकव गावकरीच बांधीत आणि दुरुस्त करीत, कारण तो फार टिकणार नाही हे त्यांनी गृहीतच धरलेले असे. काँक्रीट आले आणि ही जाणीव गेली. साकव सरकारी झाला, गावाचा हात सुटला. शिवाय निखळलेला दगड शाळकरी पोरालाही दिसतो. काँक्रीटच्या पोटात गंजणारी सळई अभियंत्यालाही सहजी दिसत नाही. म्हणजे देखरेख वाढायला हवी होती, नेमकी तेव्हाच ती निराधार झाली. नव्या साकवाचे भूमिपूजन होते. डागडुजीला कोनशिला बसत नाही.

जिल्हा परिषदांनी निदान प्रत्येक साकवाला क्रमांक द्यावा, त्यापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम लिहावे आणि मृगापूर्वी झालेल्या पाहणीची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.