‘भाई, एकदा वसूल करू दे’

माझा मामेभाऊ खोपोलीजवळच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे. मामीच्या भिशीचे पैसे त्याने ऑप्शनमध्ये घालवले. आता पुढे काय, विचारलं तर म्हणाला, “भाई, फक्त एकदा वसूल करू दे, मग बंद.”

हे वाक्य मी ओळखतो. कधीकाळी माझंही होतं. इंजिनिअर माणूस, म्हणून मी स्टॉप-लॉस लावणारा कोडच लिहिला होता. कर्जत लोकलमध्ये भाव कोसळताना बघून तो फोनवरून बंदही मीच केला. कोडमध्ये चूक नव्हती.

तोट्याचं दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं, हे काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं. म्हणून तोट्यातला सौदा सोडवत नाही. सेबीच्या २०२४ च्या अहवालानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. सलग दोन वर्षं गमावलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक जण तरीही खेळतच राहिले. (‘खेळणं’ हाच शब्द सगळे वापरतात, बघा.)

आपल्यात पहिला प्रश्न असतो, शेअर हलाल आहे का? विचारायलाच हवा. पण दुसऱ्याचा पैसा, रागाच्या भरात, आजच्या आज वसुलीसाठी लावणं हा जुगार नाही तर काय?

नवशिक्याने ऑप्शनला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेअर घ्यायचाच तर स्वतःच्या बचतीतून. आणि किती तोट्यावर विकायचं ते सव्वानऊला बाजार उघडण्याआधी वहीत लिहायचं, कारण नंतर डोकं आपलं राहत नाही.

भावाला ट्रेडिंगसाठी मी पैसे दिले नाहीत. मामीची भिशी आम्ही दोघं मिळून भरतोय.