स्वस्त औषध, महाग देखरेख

हृदयाची शक्ती अकस्मात तोकडी पडली, की फुप्फुसांत पाणी साचते आणि रुग्णाला आडवे होणे अशक्य होते. तो बसूनच श्वासासाठी झगडतो. धडगाव वा अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यावरून मात्र त्याला बांबूला बांधलेल्या झोळीत आडवे घालूनच सडकेपर्यंत आणावे लागते. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली असेल, तर पुढेही खोळंबा. १९९८ साली नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. घाट होता तेथेच राहिला.

या विकारावरचे पहिले औषध दुर्मिळ नव्हे. फ्युरोसेमाइड १९६०च्या दशकापासून वापरात आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि अत्यंत स्वस्त आहे. शिरेतून दिल्यावर बहुधा अर्ध्या तासाच्या आत लघवी होऊ लागते, श्वास सुटतो. त्याने यातना हटतात. आयुष्य वाढते असे मात्र आजवर सिद्ध झालेले नाही. उलट तेच औषध रक्तातील पोटॅशियम घटवून हृदयाचा ठोका बिघडवू शकते, अतिरेक झाल्यास मूत्रपिंडांना इजा करते. नायट्रोग्लिसरीन रक्तदाब चढलेल्या रुग्णाला उपकारक, उतरलेल्याला घातक. डोब्युटामीन कोसळत्या हृदयाला चाबूक मारून पळविते. त्या पळण्यातच ठोक्याची लय तुटण्याचा धोका असतो.

म्हणजे गुण आणि अपाय यांमधील अंतर औषधाच्या कुपीत नसून तिच्या भोवतीच्या माणसांत आहे. रक्तदाब वारंवार पाहणारी परिचारिका, लघवी मोजणारा हात, पोटॅशियम तपासणारी प्रयोगशाळा. अर्थशास्त्राच्या भाषेत औषध ही अर्धीच वस्तू होय. उरलेली अर्धी म्हणजे प्रशिक्षित श्रम, आणि ते औषधाच्या दुकानात सुटे मिळत नाहीत.

सातपुड्यात तर आणखी एक गुंतागुंत आहे. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आढळतो, गरोदरपणातील रक्तक्षयही आहे. तीव्र रक्तक्षयाने थकलेल्या हृदयाला रक्तच हवे असते. पण ते घाईने चढविले तर फुप्फुसे भरतात. ते थेंबाथेंबाने, फ्युरोसेमाइडच्या आधाराने द्यावे लागते. येथे नुसती सुई टोचून रुग्णाला पुढे पाठविणे म्हणजे उपचार नव्हे.

बाजाराचे लक्ष मात्र भलतीकडेच. नेसिरिटाइड हे महागडे औषध २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि धडाक्याने खपले. ७,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये आला : मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तदाब मात्र घसरला. दहा वर्षे नफा आधी आणि पुरावा मागाहून! हाथी समितीने १९७५ मध्येच आवश्यक औषधांना अग्रक्रम देण्याचा व व्यापारी नावांऐवजी मूळ नावे वापरण्याचा आग्रह धरला होता. परंतु औषधांच्या किमती उतरविणे ही लढाईची एक बाजू झाली. शासन स्वस्त कुप्यांचा साठा दाखवून दुसऱ्या बाजूची जबाबदारी टाळते, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे.

धडगाव आणि मोलगी येथील ग्रामीण रुग्णालयांत जाऊन औषधांच्या यादीखेरीज आणखी काही विचारावे लागेल. पोटॅशियमची तपासणी रात्री होते काय? साठविलेले रक्त मिळते काय? मंजूर पदांपैकी किती रिक्त आहेत, आणि पहाटे तीन वाजता रुग्णाशेजारी कोण असते?